कुणाचा खडा?

रेणुकाने सवतीला गळ्यात घालायला होकार दिला, तेव्हा त्यातून तिला काय काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. पुढे रडारड सुरू झाली की हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिल्या सुनेच्या नावाने चाललेली सासूची दोन वर्षांची भुणभुण एका दिवसात थांबणार होती. भुणभुण थांबली की सकाळच्या चहाला कशी चव येते, हे लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको. नवऱ्याच्या लेखी ती मोठ्या मनाची ठरणार होती. ही गोष्ट एकदा नावावर लागली की वर्षानुवर्षं पुरते. शिवाय सोन्याच्या कोंदणात बसवलेला हरभऱ्याएवढा एक खडा. आणि या सगळ्यासाठी रेणुकाला सोसायचं काय होतं? काहीच नाही. कारण सवतीला गळ्यात घालायचा तिचा विचारच नव्हता. त्याची व्यवस्था ती आधीच करून मोकळी झाली होती.

सवत म्हणजे जिवंत नव्हे. केतकीला जाऊन सहा वर्षं झाली होती. पण जिवंत सवत परवडते. ती जाड होते, तिचे केस पिकतात, कधीतरी तिची आमटी खारट होते. केतकी बत्तिसाव्या वर्षी तापाने गेली आणि बत्तिशीतच राहिली. तिची आमटी कायमची बेताची.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात रेणुका छत्तिसाव्या वर्षी लग्न होऊन आली. माहेर मंगळवेढ्याजवळचं, काळ्या रानातलं, तिन्ही त्रिकाळ ज्वारीची भाकरी खाणारं. नवरा निनाद पाटणकर लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत अभियंता. शांत, स्वतःचं ताट स्वतः धुणारा. सासू विद्याताई, देवभोळ्या आणि आठवणीच्या पक्क्या. रेणुकाचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ती लोकांचे डोळे तपासायची, त्यामुळे माणूस कुठे बघतो आहे आणि कुठे बघतो असं दाखवतो आहे, यातला फरक तिला लांबून कळायचा. ही कला दुकानात उपयोगी पडते. घरात ती घेऊन येऊ नये.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर केतकीच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. 'तांदूळ, रोजचा.' 'तांदूळ, सणाचा.' 'कुळीथ.' केतकी गुहागरची. दोन्ही वेळा भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही म्हणणारी. पाण्याने चिठ्ठीची कड उचकटली की विद्याताई ती डिंकाने पुन्हा चिकटवायच्या. रेणुकाच्या ज्वारीच्या पिठाचा डबा सगळ्यांत खाली होता, बिनचिठ्ठीचा.

"लाव की तूपण चिठ्ठी," निनाद एकदा म्हणाला होता.

"पीठ आहे हे सगळ्यांना दिसतं," रेणुका म्हणाली. "ज्याचं नाव सांगावं लागतं त्याला चिठ्ठी लागते."

निनाद हसला होता. रेणुका हसली नव्हती.

आता खड्याबद्दल. हिऱ्याची अंगठी दाखवून मिरवायचे दिवस संपून जेमतेम दहा वर्षं झाली असतील. ते संपवले मोइसनाइटने. रसायनाच्या भाषेत तो सिलिकॉन कार्बाइड. निसर्गात तो जवळपास सापडतच नाही. पहिल्यांदा हाती लागला तो आकाशातून पडलेल्या दगडाच्या विवरात, तोही कणाकणाने. भट्टीत मात्र हवा तेवढा पिकवता येतो. वाळूतलं सिलिकॉन आणि कुठलाही शुद्ध कार्बन एकत्र करायचा, दोन हजार अंशांच्या वर तापवून त्याची वाफ करायची, आणि ती वाफ जरा थंड अशा बीजस्फटिकावर बसू द्यायची. थरावर थर चढत स्फटिक वाढतो. कठीणपणात हिऱ्याच्या जरासाच खाली, आणि प्रकाशातले रंग हिऱ्याच्या दुपटीहून जास्त उधळणारा. उष्णताही हिऱ्यासारखीच झपाट्याने वाहून नेतो, म्हणून सराफांकडची हिरा ओळखायची जुनी यंत्रं त्याला बिनदिक्कत हिरा ठरवायची. एकच खूण: भिंगातून तिरकं पाहिलं तर त्याच्या मागच्या बाजूच्या कडा जोडीने दिसतात. त्यात शिरलेला प्रकाश दोन वाटांनी जातो, म्हणून एका रेघेच्या दोन रेघा.

कागलच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या लागल्या, आणि सात वर्षांत कामाला येणाऱ्या बायकांच्या कानातही असे खडे दिसू लागले की पूर्वी मंत्र्याच्या बायकोने हात लावून पाहिले असते. सगळ्यांकडेच चमक आली म्हटल्यावर चमकीला कोण विचारतो? लोकांना मत्सर करायला काहीतरी वेगळं हवं होतं. ते कार्बनने पुरवलं.

कार्बन कुठलाही चालतो म्हटल्यावर कुणीतरी केसांचा वापरला. केसाचं जवळजवळ निम्मं वजन कार्बनचंच. चिमूटभर पुरतो. मग बाळाच्या जावळाचे खडे निघाले, आजोबांच्या मिशीचे निघाले, एका महाराजांच्या जटांचे तर इतके निघाले की तेवढ्या जटांना तीन डोकी लागली असती. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका 'खरा का गं?' असं विचारेनाशा झाल्या. आता विचारायच्या, 'कुणाचा?'

या एका प्रश्नाने घराघरांत काय काय झालं ते लिहायला वेगळी वही लागेल. न्हाव्याच्या दुकानातून माणसं आपापले केस पुडीत बांधून घरी नेऊ लागली. सांगलीत एका पोराने शेजारच्या मुलीच्या फणीतले केस पळवून खडा करून घेतला आणि तिच्याच लग्नात घालून गेला. त्यावरून पुढे कायदा झाला.

याच काळात विद्याताईंना जुनी रीत आठवली.

"आमच्यात दुसरेपणाची आली की पहिलीचा टाक गळ्यात घालायची," त्या पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात एका रात्री जेवताना म्हणाल्या. "चांदीचा असायचा, नखाएवढा. माझ्या आजेसासूने घातला होता. पहिलीचा मान राहिला म्हणजे ती संसाराला आड येत नाही. आता टाक कोण करतं? पण खडा होतो की. केतकीचे केस आहेत माझ्याजवळ."

होतेच. देवघराच्या खणात, लाल खणाच्या कापडाच्या पुरचुंडीत. केतकी गेली त्या दिवशी तिच्या फणीत अडकलेले आणि तिने खिडकीच्या कोनाड्यात खोचून ठेवलेले केस विद्याताईंनी गोळा केले होते.

निनादचा घास हातातच राहिला. "आई, काहीतरीच काय? रेणूला विचारशील की नाही?"

"विचारतेय की तिच्यासमोरच."

दोघंही रेणुकाकडे बघायला लागले. तिने भाकरीचा तुकडा शांतपणे आमटीत बुडवला आणि म्हणाली, "घालीन की. त्यात काय? माझ्याआधी त्यांचंच घर होतं हे."

विद्याताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. निनाद रेणुकाकडे असं बघत राहिला, जणू ही बाई त्याने आज पहिल्यांदाच पाहिली. त्या एका वाक्याचं उत्पन्न पुढे केवढं निघालं ते लवकरच कळेल.

हे उत्तर रेणुकाने काही मनाच्या मोठेपणातून दिलं नव्हतं. सासूने हा विषय शेजारच्या काकूंपाशी त्याच दिवशी सकाळी काढला होता, आणि तो जिन्यात रेणुकाच्या कानावर पडला होता. दुपारी विद्याताई भजनाला गेल्यावर ती देवघरासमोर बसली.

स्वतःच्या फणीतले केस ती एका रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात ठेवायची. न्हाणीघराच्या फळीवर तो डबा असायचा. ही तिची माहेरची सवय: रोजची गुंतवळ बोटाभोवती गुंडाळून वळसा करायचा आणि साठवायचा. दर दोन-तीन महिन्यांनी दारावर केसवाली शांताबाई यायची. केसांच्या वजनावर ती चमचा, झारा, डबी असं काहीतरी द्यायची. खड्यांचा जमाना आल्यापासून बायका तिला केस द्यायला कचरायच्या. रेणुकाला त्याची फिकीर नव्हती. आपल्या केसांचा खडा करायला कोण बसलंय?

तिने पुरचुंडी सोडली. काळे, लांब, दाट केस. मेल्यानंतर सहा वर्षांनीही दाट. रेणुकाने नकळत आपल्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे स्वतःचे भांगापाशी विरळ होत चालले होते. तिने श्रीखंडाच्या डब्यातले आपले पाच-सहा वळसे काढले, उलगडून पुरचुंडीत भरले, गाठ होती तशीच मारली. आता होऊ दे खडा. नाव केतकीचं, आणि गळ्यात मात्र रेणुकाच.

केतकीचे केस हातात राहिले. जाळले असते तर वास घरभर झाला असता. कचऱ्यात टाकायला हात धजेना. गेलेल्या माणसाचे केस, उगाच कशाला. मग तिने ते आपल्याच पद्धतीने बोटाभोवती गुंडाळून वळसे केले आणि श्रीखंडाच्या डब्यात वर ठेवून दिले. शांताबाई आली की जातील. सवतीच्या केसांवर एखादी चहाची गाळणी मिळाली, तर तेवढंच समाधान.

अक्षय्यतृतीयेला खडा आला. निनादनेच पुरचुंडी नेऊन, लागतील तेवढे केस देऊन, उरलेली परत देवघरात ठेवली होती, असं त्याने सांगितलं. विद्याताईंनी खड्याला हळदकुंकू लावलं आणि रेणुकाच्या गळ्यात बांधला. "सांभाळ गं हिला," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, रेणुकाला की खड्याला, ते स्पष्ट झालं नाही.

रेणुका मनात हसत होती. पहिले चार दिवस.

पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की निनाद बघतो. सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो तिच्याकडे वळायचा, आणि त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर टेकून खाली सरकायची. हनुवटीखाली चार बोटं. तिथे थांबायची. तोंडावर एक बारीकसं हसू, एखादी गोष्ट फक्त आपल्यालाच ठाऊक असलेल्या माणसाचं. रेणुकाने मनातल्या मनात सेकंद मोजले. अकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा, मग एकदा चौदा. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिच्या चेहऱ्याला त्याने एका वेळी इतके सेकंद कधी दिले नव्हते.

"उजेडात ये जरा," एकदा तो म्हणाला.

"का?"

"खड्यावर ऊन पडलं की छान दिसतं."

ती उन्हात उभी राहिली. भिंतीवर रंगाचे ठिपके नाचले. निनाद हळूच म्हणाला, "बरं वाटतं बघून. खरंच बरं वाटतं."

रेणुका तशीच न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बघतोस कुणाला, बाबा? तुला वाटतं केतकी आहे, पण ती मी आहे. माझेच केस, माझाच कार्बन, माझ्या बापाच्या रानातली ज्वारी, आणि तू माझ्याकडे केतकी म्हणून बघतोस! सवतीचा हेवा करणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या. स्वतःच्याच केसांचा हेवा करायची वेळ बहुधा रेणुकावर पहिल्यांदा आली असावी.

आणि बोलायची सोय नव्हती. 'तो खडा माझा आहे' म्हणायचं, तर पुरचुंडीला हात लावल्याचं सांगावं लागणार. मोठं मन गेलं, वर चोरी आली.

मग ती बारीकसारीक सूड घेऊ लागली. खडा ब्लाउजच्या आत टाकायची. निनाद म्हणायचा, "बाहेर काढ की, लपवतेस काय?" ती भात टाळायला लागली. विद्याताई म्हणायच्या, "केतकी कशी, दोन घास भाताशिवाय..." आणि रेणुका म्हणायची, "गळ्यात आहेत ना त्या, त्यांना घाला." सासूने हे भक्तीने ऐकलं आणि त्या रात्रीपासून ताटात खड्याच्या नावाने भाताची एक मूद पडू लागली.

दुकानात गिऱ्हाईक नसताना ती खडा भिंगाखाली धरायची. तिरका धरला की आतली प्रत्येक कड दुहेरी. कितीही फिरवा, एकीमागे दुसरी उभीच. तिला माहीत होतं की हा प्रकाशाचा गुण आहे. तरी ती भिंग पालथं घालून ठेवायची.

शांताबाई मध्यंतरी येऊन गेली. रेणुकाने डबा न बघताच तिच्या पिशवीत उलटा केला, आणि एक गाळणी घेतली. केतकी गेली एकदाची, तिला वाटलं.

जूनअखेर निनादने कामावरून येता येता सोन्याची बारीक साखळी आणली. "खडा काळ्या दोऱ्यात बरा दिसत नाही," तो म्हणाला. लग्नानंतर त्याने आपणहून आणलेला हा पहिला दागिना; आणि तोही खड्यासाठी. त्या दिवशी रेणुकाचा बांध फुटला. फुटला म्हणजे ती रडली वगैरे नाही. तिने पुरावा मिळवायचं ठरवलं. छापील कागद हातात असला की चोरीसुद्धा वेगळी दिसते. कागद समोर ठेवायचा आणि म्हणायचं: बघ, गेले दोन महिने तू कुणावर जीव टाकतो आहेस ते.

सोमवारी दुकान बंद असतं. ती गुजरीत गेली. सराफकट्ट्यावरच्या त्या अरुंद गल्लीत उत्तमशेठ पोतदारांची पेढी. त्यांचे पूर्वज कसोटीच्या दगडावर सोनं घासून पारखायचे. आता दगड काचेच्या कपाटात होता आणि टेबलावर धुण्याच्या यंत्राएवढं एक यंत्र.

"खडा कुणाचा ते बघायचंय," रेणुका म्हणाली.

"सगळ्यांचं तेच असतंय, वहिनी. पण एक आधी सांगतो. माणसाचं नाव काय यंत्र सांगत न्हाई. ते सांगतंय खाणं."

"म्हणजे?"

उत्तमशेठना समजावून सांगायला आवडायचं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "कार्बन दोन जातीचा. एक हलका, एक जड. हजारात अकराएक कण जड, बाकी हलके. आता ज्वारी, बाजरी, मका, ऊस, ही उन्हाची पिकं. हवेतनं कार्बन धरायची त्यांची तऱ्हा निराळी, म्हणून त्यांच्यात जड कण अंमळ जास्ती राहतात. भात, गहू, डाळी, नारळ, यांच्यात कमी. फरक म्हणाल तर त्या अकराच्या पुढच्या दशांशात. पण माणूस जे खातो त्याचाच केस होतो, आणि केसाचाच खडा. भट्टीत काय बी करा, ते प्रमाण हलत न्हाई. यंत्र लेसरनं डोळ्याला दिसणार न्हाई एवढा कण उडवतं आणि तोलतं." ते हसले. "परवा एका घरात 'आमच्या देशावरच्या आजीचा' म्हणून खडा आणला. निघाला नुसता नारळ."

रेणुकाने खडा काढून दिला. "ज्वारी निघेल," ती म्हणाली. "मंगळवेढ्याची."

"मग काय, सोपं काम. तिकडचं माणूस यंत्राला लांबनं कळतंय."

यंत्र पाच मिनिटं घुमलं. उत्तमशेठनी कागद ओढून घेतला, चष्मा वर केला, खाली केला. खडा पुन्हा ठेवला. आणखी पाच मिनिटं. मग त्यांनी दोन्ही कागद तिच्यापुढे सरकवले.

"भात हाय, वहिनी. भात, कुळीथ, नारळ. भाकरी सणासुदीला खाल्ली असली तर असंल."

"यंत्र चुकलं असेल."

"म्हणून तर दोनदा लावलं." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ह्यो खडा मंगळवेढ्याचा न्हाई. कोकणातली बाई हाय ही."

रिक्षात बसून रेणुकाने सगळं पुन्हा जुळवून पाहिलं. पुरचुंडीत तिने स्वतःच्या हाताने स्वतःचे केस भरले होते. खडा निघाला केतकीचा. याचा अर्थ एकच: निनादने पुरचुंडीतले केस वापरलेच नाहीत. त्याच्याजवळ केतकीचे वेगळे केस होते. कुठेतरी दडवलेले, आईलाही न दाखवलेले, सहा वर्षं जपलेले. पाकिटात? कामाच्या बॅगेत? आणि आपण दोन महिने कुणाला उन्हात उभं करत होतो?

चौथ्या मजल्यापर्यंत तिने लिफ्ट घेतली नाही.

निनाद लवकर घरी आला होता आणि स्वयंपाकघरात भेंडी चिरत होता. बाहेर विद्याताई मालिका बघत होत्या, आवाज मोठा करून. रेणुका दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हा खडा केतकीचा आहे!"

निनादने सुरी थांबवली. "हो," तो म्हणाला. "मग?"

खडा केतकीचा आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, हळदकुंकू लावून जाहीर झालं होतं. रेणुकाचा सगळा राग हातात धरून ठेवलेल्या गरम पातेल्यासारखा. टाकायला जागाच नाही.

"मग म्हणजे? रोज बघत बसतोस तिच्याकडे! अकरा-अकरा सेकंद! मी मोजलेत. माझ्या तोंडाकडे कधी बघितलंस इतका वेळ? साखळी आणलीस. कुणासाठी? आणि किती केस लपवून ठेवलेस तिचे? कुठे ठेवलेस ते तरी सांग!"

"लपवून? मी?" निनादने बाहेर डोकावून पाहिलं. मग दार लोटलं. त्याच्या तोंडावर तेच बारीक हसू आलं, आणि रेणुकाला ते हसू सुरीने खरवडून काढावंसं वाटलं.

"रेणू, बस. आईला कळता कामा नये. शपथ घे."

"आधी सांग."

"तो केतकीचा नाहीये. तुझा आहे."

रेणुका पिठाच्या डब्यावर बसली.

"मी पुरचुंडीला हातच लावला नाही," निनाद कुजबुजला. "तो विषय निघाला त्याच रात्री फळीवरच्या तुझ्या त्या श्रीखंडाच्या डब्यातून घेतले केस. वरचाच एक वळसा. म्हटलं, वरचा म्हणजे अगदी ताजा असणार, कालपरवाचा."

बाहेर मालिकेत कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारली. तबला वाजला.

"का?" रेणुकाने विचारलं.

"तू हो म्हणालीस म्हणून." निनाद पुन्हा भेंडीकडे वळला; बायकोच्या डोळ्यांत बघून असली वाक्यं बोलणाऱ्यातला तो नव्हता. "मला वाटलं होतं तू आकांत करशील. केला असतास तरी तुझं चुकलं नसतं. पण तू चिडली नाहीस. 'माझ्याआधी त्यांचंच घर होतं' म्हणालीस. त्या क्षणी वाटलं, दोन वर्षं आपण हिला ओळखलंच नाही. एवढ्या मनाच्या बाईच्या गळ्यात दुसऱ्या कुणाला का बांधायचं? म्हटलं, या घरात एक तरी वस्तू अशी असू दे, की आई तिला केतकी समजून हात जोडेल आणि ती तू असशील. तुला सांगणार होतो गं. पण तुझं आणि आईचं वाजलं की तू बोलून जातेस. म्हणून एकटाच मजा घेत होतो. बघायचो आणि म्हणायचो, आहे बघ माझी रेणू."

रेणुकाच्या पर्समध्ये उत्तमशेठचे दोन्ही कागद होते. तिला फक्त चेन उघडायची होती.

उघडली तर नवऱ्याला काय कळणार होतं? की दोन महिने 'माझी रेणू' म्हणून तो ज्याच्याकडे बघत होता ती केतकी आहे. ती तिथे कशी आली याचा शोध लागला, की ज्या मोठ्या मनावर तो भाळला ते मन पुरचुंडीची गाठ सोडत बसलं होतं हेही कळणार. तिने काहीच केलं नसतं, नुसती गप्प बसली असती आणि जेवताना तेच एक वाक्य बोलली असती, तर डब्यात वरचा वळसा तिचाच असता. केतकीला तिच्या गळ्यात सासूने आणलं नव्हतं, नवऱ्याने नव्हतं. ज्या बोटांनी तो वळसा घातला, ती बोटं आत्ता पर्सच्या चेनीवर होती.

"काय झालं?" निनादने विचारलं. "आवडलं नाही?"

"आवडलं," ती म्हणाली. "तेल तापलंय. भेंडी टाक."

कागद तिने दुसऱ्या दिवशी दुकानात नेले आणि काचा पुसायला वापरले.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींचा दिवस. विद्याताईंनी पाट मांडला, त्यावर लाल पुरचुंडी ठेवली, भोवती रांगोळी काढली. दोन भाज्या, वडे, खीर, आणि केतकीसाठी भात. पुरचुंडीला हळदकुंकू वाहिलं, खणानारळाने ओटी भरली, आणि डोळे मिटून पुटपुटल्या, "सुखात राहा गं बाई. माझ्या घरावर लक्ष ठेव."

रेणुका शेजारी उभी होती, जिवंत, आणि आपलं श्राद्ध बघत होती.

"कर नमस्कार तिला," विद्याताई म्हणाल्या. "मोठी आहे ती तुझ्यापेक्षा."

रेणुका वाकली. गळ्यातला खडा पुढे लोंबला आणि पुरचुंडीवर टेकला. सासूला हवा होता तसा नमस्कार झाला. फक्त कोण कुणाच्या पाया पडलं, ते त्या घरात तिला एकटीलाच कळलं.

आता सुरुवातीसारखीच शेवटची बेरीज मांडू. विद्याताईंचं काहीच गेलं नाही, आणि रीत मात्र अक्षरशः पाळली गेली: दुसरीच्या गळ्यात पहिली. शिवाय न कळता त्या रोज देवघरातल्या पुरचुंडीतल्या सुनेला हात जोडतात. निनादची ती इच्छाही पुरी झाली, तो समजतो त्या ठिकाणी नव्हे, एवढंच. निनादने भट्टीवाल्यांचं बिल दिलं, साखळीचं दिलं, आणि आपण बायकोवर प्रेम करतो हे त्याला चाळिशीत कळलं; तो नफ्यात. शांताबाईने एका गाळणीवर दोन बायकांचे केस नेले. केतकीने वळसाभर केस दिले, तेही तिला न विचारता, आणि नवरा रोज सकाळी तिच्याकडे पुन्हा बघू लागला. गेलेल्या माणसाला याहून चांगला सौदा कुणी करून दिलेला नाही.

राहिली रेणुका. जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं. सासू गप्प आहे, नवरा तिचा आहे, आणि त्याने ते तोंडाने कबूल केलं आहे. हप्ता तेवढा चालू आहे. सकाळी चहाचा कप घेऊन निनाद खिडकीपाशी येतो आणि म्हणतो, "रेणू, उजेडात ये जरा." ती येते. हनुवटी थोडी वर करते, म्हणजे खडा नीट दिसावा. आणि मनात मोजत राहते, अकरापर्यंत.